बंदी कुठपर्यंत पोचते? गोव्याची नाकेबंदी आणि सागरपार प्रदेशांवरचे निर्बंध

(मंगळवार पेठ, कोल्हापूर इथे झालेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याचा ओघ तसाच ठेवला आहे, पुनरुक्ती तेवढी गाळली आहे. शेवटी निवडक प्रश्नोत्तरं दिली आहेत.)



विषय जाहीर झाल्यावर पेठेतल्या एका ज्येष्ठ श्रोत्यांनी आम्हाला वाटेत गाठून विचारलं, "रशियावर निर्बंध, इराणवर निर्बंध हे रोज टीव्हीवर ऐकतोय. पण मिरजकर तिकटीवर उभ्या असलेल्या माणसाला त्याचं काय?" प्रश्न रास्त आहे. म्हणून सुरुवात एका जहाजापासून करू, आणि मग आपल्या घाटाखाली उतरू.

४ जुलै २०१९. 'ग्रेस १' नावाचं एक मोठं तेलवाहू जहाज भूमध्य समुद्राच्या तोंडाशी, जिब्राल्टरजवळ अडवलं गेलं. जहाजात इराणचं तेल होतं, आणि ते सीरियाला चाललंय असा आरोप होता. सीरियावर युरोपीय संघाचे निर्बंध होते. आता गंमत बघा. तेल इराणचं, गिऱ्हाईक सीरिया, अडवणारे ब्रिटिश नौसैनिक, नियम युरोपीय संघाचा. आणि जहाजावर काम करणारी माणसं? त्यांतले २४ जण भारतीय. कप्तानासह ज्या चार अधिकाऱ्यांना अटक झाली, ते चारही भारतीय. त्यांचं ना सीरियाशी वैर, ना ब्रिटनशी. सुटका झाली ती १५ ऑगस्टला, म्हणजे सहा आठवड्यांनी.

हे घडलं ते जिब्राल्टरमध्ये. ही जागा केवढी? सात चौरस किलोमीटरसुद्धा नाही. आपलं कोल्हापूर शहर त्याच्या दहापट भरेल. ते ब्रिटन नाही, ब्रिटनचा सागरपार प्रदेश आहे. जहाज अडवण्याच्या आदल्याच दिवशी तिथल्या सरकारने त्यासाठी खास नियम काढले होते. म्हणजे मोठ्या सत्तांचं भांडण, पण कायद्याचा फास पडला तो एका छोट्या सागरपार तुकड्यावर.

आजचा आमचा मुद्दा एवढाच आहे. निर्बंध 'कुणावर' आहेत हे सगळे विचारतात. ते 'कुठपर्यंत' पोचतात हे फार थोडे विचारतात. आणि निर्बंध चालणार की फसणार, आणि त्याची किंमत कोण मोजणार, हे बहुतेक वेळा त्या दुसऱ्या प्रश्नावर ठरतं. याचा सगळ्यात चांगला धडा आपल्या शेजारीच आहे. गोव्यात.

तीन शब्द नीट समजून घेऊ

पुढे जाण्याआधी तीन शब्द वेगळे करू, कारण वर्तमानपत्रात ते सरमिसळ येतात.

पहिला, व्यापारबंदी. आपल्या देशातून त्या देशाला माल जाणार नाही, तिथला माल आपल्याकडे येणार नाही. हा आपल्या घरातला निर्णय. आपलं दार आपण लावलं.

दुसरा, निर्बंध. हा मोठा शब्द. त्यात माल येतो, पैसा येतो, प्रवास येतो, विमा येतो, बँकेतली खाती गोठवणं येतं.

तिसरा, नाकेबंदी. म्हणजे दुसऱ्याचं दार बाहेरून लावणं. बंदरासमोर युद्धनौका उभ्या करून कुणालाच आत-बाहेर करू न देणं. आंतरराष्ट्रीय कायद्यात अशी समुद्री नाकेबंदी ही युद्धाचीच कृती मानली जाते. गोव्याच्या बाबतीत आपण सर्रास 'नाकेबंदी' म्हणतो, आम्हीही आज म्हणणार आहोत. पण भारताने जे केलं ते काटेकोरपणे पहिल्या दोन प्रकारांत बसतं. जमिनीकडचं दार लावलं, समुद्राकडचं उघडंच राहिलं. ही गोष्ट लक्षात ठेवा. सगळी कथा याच्यावर फिरते.

एका शब्दाचा बदल: वसाहत की प्रांत?

१९४७ साली इंग्रज गेले, पोर्तुगीज राहिले. गोवा, दमण, दीव आणि दमणच्या आतल्या बाजूला दादरा आणि नगरहवेली. पोर्तुगालमध्ये तेव्हा सालाझारची हुकूमशाही होती. १९५१ साली त्यांनी आपल्या राज्यघटनेत बदल केला आणि 'वसाहत' हा शब्दच काढून टाकला. गोवा आता वसाहत नाही, 'सागरपार प्रांत' आहे. म्हणजे लिस्बन जसं पोर्तुगाल, तसंच पणजीही पोर्तुगाल. मग चर्चा कसली करायची? स्वतःचा प्रांत कोण कुणाला देतं?

शब्द बदलला म्हणून जमीन हलली नाही. पण शब्दाने कायद्याची भाषा बदलते. डिसेंबर १९५५ मध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस यांनी पोर्तुगीज परराष्ट्रमंत्र्यांबरोबर एक संयुक्त निवेदन काढलं. त्यात पोर्तुगालच्या 'प्रांतां'चा उल्लेख होता. त्या एका शब्दावरून आपल्याकडे मोठा संताप उसळला, कारण अमेरिकेने पोर्तुगालचा दावा मान्य केल्यासारखं झालं.

सालाझारना नाटो कराराचाही आधार हवा होता. पण नाटोच्या करारातच भूगोल लिहिलेला आहे. परस्परसंरक्षणाची हमी उत्तर अटलांटिक भागात, कर्कवृत्ताच्या उत्तरेला. गोवा पंधरा अंशांवर, कर्कवृत्ताच्या खूप खाली. म्हणजे पोर्तुगाल स्वतःला कितीही 'एकच देश' म्हणवून घेवो, करार गोव्यापर्यंत पोचत नव्हता. इथेही प्रश्न तोच: कुठपर्यंत?

आता आपली बाजूही प्रामाणिकपणे बघू. आपण म्हणत होतो, गोवा भारताचाच भाग आहे. पण व्यापारबंदी घालायची तर कायद्याने त्याला परका प्रदेश धरावं लागतं. आयात-निर्यात नियंत्रणाचा कायदा असो की परकीय चलनाचा, दोन्ही १९४७ चे, ते परदेशाशी होणाऱ्या व्यवहाराला लागतात. म्हणजे सांगायला आपला, आणि बंदी घालायला परका. या पेचात सापडली ती दोन्हीकडे नातेवाईक असलेली माणसं.

दार कसं लागलं

गोव्याचं पोट घाटावर अवलंबून होतं, ही जुनी गोष्ट. १८७८ साली इंग्रज आणि पोर्तुगीज यांच्यात एक करार झाला होता. त्यात दोन्ही प्रदेशांची जकात एक केली गेली आणि गोव्यातल्या मिठावर इंग्रजांचं नियंत्रण आलं. बदल्यात पोर्तुगीजांना वर्षाला चार लाख रुपये. इंग्रजांचा मिठाचा कायदा असा दुसऱ्याच्या सागरपार प्रदेशात जाऊन बसला. करार १८९२ मध्ये संपला, पण त्या काळातच मुरगावपासून कॅसलरॉकपर्यंत रेल्वे झाली आणि गोवा घाटाला कायमचा जोडला गेला. तांदूळ, भाजी, जनावरं, कापड बरंचसं वरून यायचं. मुंबईत धोबीतलाव, माझगाव भागात गोंयकारांच्या 'कुडी' होत्या, म्हणजे गावागावाच्या नावाने चालवलेल्या मुक्कामाच्या जागा. तिथे राहून आगबोटीवर, हॉटेलात, कचेरीत काम करणारे हजारो लोक महिन्याच्या महिन्याला घरी पैसे धाडत. त्या पैशावर गोव्यातली कितीतरी घरं चालत.

जून १९५३ मध्ये भारताने लिस्बनमधला आपला दूतावास बंद केला. १९५४ पासून टप्प्याटप्प्याने बंधनं आली. मालावर, पैसे पाठवण्यावर, ये-जा करण्यावर. मुंबईच्या गोदी कामगारांनी पोर्तुगीज मालाला हात लावायचं नाकारलं. १९५५ च्या उन्हाळ्यात सत्याग्रहाच्या तुकड्या जायला लागल्या. नानासाहेब गोरे, सेनापती बापट, सुधाताई जोशी, मधु लिमये ही नावं तुम्हाला माहीत आहेत. १५ ऑगस्ट १९५५ ला पत्रादेवी, तेरेखोल, कॅसलरॉक अशा ठिकाणांहून निःशस्त्र सत्याग्रही आत शिरले आणि पोर्तुगीजांनी गोळ्या घातल्या. वीसहून अधिक माणसं गेली. त्यानंतर रेल्वे थांबली, सीमा बंद झाली, आणि १ सप्टेंबरला पणजीतली भारताची वकिलातही बंद झाली.

तेव्हा सिंधुदुर्ग जिल्हा नव्हता. सावंतवाडी, बांदा, दोडामार्ग हे सगळं रत्नागिरी जिल्ह्यात. कारवार आणि बेळगावही १९५६ पर्यंत मुंबई राज्यातच. म्हणजे गोव्याभोवतीची सगळी सीमा एकाच राज्याची होती. आज आपण आजरा-आंबोलीमार्गे चार-पाच तासांत पणजीला पोचतो, जेवून परत येतो. तेव्हा बांद्याचा माणूस पेडण्याच्या बहिणीकडे परवान्याशिवाय जाऊ शकत नव्हता.

दोन प्रदेश, दोन निकाल

आता आजच्या व्याख्यानातला सगळ्यात महत्त्वाचा भाग. एकाच सरकारची, एकाच काळातली बंदी. पण दोन ठिकाणी दोन निकाल लागले.

दादरा आणि नगरहवेलीला समुद्र नव्हता. चारी बाजूंनी भारत. दमणहून तिथे जायचं तर भारताच्या भूमीवरूनच. जुलै १९५४ मध्ये स्वयंसेवकांनी दादरा घेतलं. भारताने पोर्तुगीजांना मधली वाट नाकारली. कुमक पोचू शकली नाही. २ ऑगस्टपर्यंत नगरहवेलीही मोकळी झाली. दोन-अडीच आठवड्यांत विषय संपला.

पोर्तुगाल आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. खटला डिसेंबर १९५५ मध्ये दाखल झाला, निकाल १२ एप्रिल १९६० ला लागला. भारतातर्फे खास न्यायाधीश होते एम. सी. छागला. आणि मंडळी, हेगच्या त्या न्यायालयात चर्चा कशाची झाली असेल? पुण्याच्या पेशव्यांच्या तहाची! १७७९ च्या तहाने मराठ्यांनी ही गावं पोर्तुगीजांना दिली, म्हणून आम्ही तिथले सार्वभौम, असा पोर्तुगालचा दावा. न्यायालयाने कागद तपासून सांगितलं की मराठ्यांनी सार्वभौमत्व दिलेलं नाही. दिला तो वर्षाला १२,००० रुपयांचा महसूल, सरंजाम म्हणून. 'सरंजाम' हा आपला शब्द त्या निकालपत्रात आहे. पुढे इंग्रजांच्या काळात मात्र पोर्तुगीजांची सत्ता गृहीत धरली गेली, असंही न्यायालय म्हणालं.

मग वाटेचं काय? न्यायालयाने वाटेचे दोन भाग केले. खासगी माणसं, मुलकी अधिकारी आणि सामान्य माल यांना जाण्याचा हक्क होता, पण तोही भारताच्या नियंत्रणाखाली. सैन्य, सशस्त्र पोलीस, हत्यारं यांना हक्क नव्हता. आणि १९५४ सालच्या तणावात वाट बंद करून भारताने आपल्या जबाबदारीचा भंग केला नाही. निकाल दमण ते नगरहवेली या वाटेपुरता होता, गोव्यापुरता नव्हे. पण त्यातला फरक आजही उपयोगी आहे: माणसांच्या गरजेचा माल वेगळा, बंदुका वेगळ्या.

आता गोवा. गोव्याला मुरगाव बंदर होतं. भारताने समुद्र अडवला नाही, कारण तसं करणं म्हणजे युद्ध. मग काय झालं? पोर्तुगीजांनी समुद्राकडून माल आणला. गोव्यातली जुनी माणसं सांगतात, बटाटे हॉलंडचे, सिमेंट जपानचं, चहा सिलोनचा. दाबोळीला विमानतळ झाला, पोर्तुगीज भारताची स्वतःची विमान कंपनी निघाली आणि कराचीला विमानं जायला लागली. आधी पोर्तुगीज 'रुपिया' भारतीय रुपयाच्या बरोबरीने चालायचा. १९५८-५९ च्या सुमारास तोही जाऊन एस्कुदो आला. नाळ तोडायची म्हटल्यावर त्यांनी पूर्ण तोडली.

आणि या सगळ्याला पैसा कुठून आला? लोखंडाच्या खनिजातून. जपान आणि पश्चिम जर्मनीचे पोलाद कारखाने युद्धानंतर पुन्हा उभे राहत होते. मांडवी-झुआरीवरून खनिजाच्या बार्जी मुरगावला जात, तिथून जहाजं भरत. नेमक्या या नाकेबंदीच्या वर्षांत गोव्याची खनिज निर्यात कित्येक पटींनी वाढली. भारताची बंदी जपानला लागू नव्हती. जपानी गिरणीला 'तू घेऊ नकोस' असं सांगण्याची ताकद तेव्हा भारताकडे नव्हती.

म्हणजे जिथे समुद्र नव्हता तिथे बंदी अडीच आठवड्यांत लागू पडली. जिथे बंदर होतं तिथे सात वर्षांतही पुरी पडली नाही.

मग मार कुणाला बसला?

सालाझारला नाही. पणजीतल्या दुकानात परदेशी माल भरलेला होता. मुक्तीनंतर तिथे गेलेले आपले लोक घड्याळं आणि ट्रान्झिस्टर घेऊन आले, हे अनेक घरांत ऐकायला मिळेल.

मार बसला तो मुंबईच्या कुडीत राहणाऱ्या आणि घरी पैसे न पाठवू शकणाऱ्या खलाशाला. मार बसला तो ज्याची शेती एका बाजूला आणि बाजारपेठ दुसऱ्या बाजूला होती त्याला. अंत्यविधीला पोचू न शकलेल्या लेकीला. आणि फायदा झाला तो चोरट्या व्यापाराला. मुंबई राज्यात १९४९ पासून दारूबंदी, भारतात सोन्याच्या आयातीवर बंदी, आणि पलीकडे दोन्ही मोकळं. रात्री डोंगरवाटांनी काय काय आलं असेल, ते सांगायला नको.

आम्ही हे नाकेबंदी चूक होती असं म्हणायला सांगत नाही. गोळ्या घालणाऱ्या सरकारशी व्यापार करत राहणं हेही लोकांना पटलं नसतं. पण बंदी 'शांततेचा मार्ग' म्हणून स्वीकारली, तर तिच्यातही जखमी होतात आणि ते बहुतेक वेळा सीमेवरचे असतात, हे सरळ मान्य केलं पाहिजे. शेवटी डिसेंबर १९६१ मध्ये सैन्य पाठवावं लागलं. दीड-दोन दिवसांत काम झालं आणि १९ डिसेंबरला गव्हर्नर जनरल वासालो ई सिल्वा शरण आले.

गोष्ट इथे संपत नाही. पोर्तुगालला भारताचं काही करता येईना. मग त्यांनी हात उगारला कुठे? दुसऱ्या सागरपार प्रदेशात, आफ्रिकेतल्या मोझांबिकमध्ये. तिथे पिढ्यान्‌पिढ्या दुकानदारी करणारे भारतीय नागरिक होते, बरेचसे गुजराती. त्यांना छावण्यांत डांबलं, मालमत्ता गोठवली, देशाबाहेर काढलं. गोव्याच्या भांडणाची वसुली तिथल्या दुकानदाराकडून झाली.

मोझांबिकचंच दुसरं उदाहरण

नोव्हेंबर १९६५ मध्ये ऱ्होडेशियातल्या, म्हणजे आजच्या झिंबाब्वेतल्या, गोऱ्या अल्पसंख्याकांनी ब्रिटनला झुगारून परस्पर स्वातंत्र्य जाहीर केलं. ब्रिटनने निर्बंध घातले, संयुक्त राष्ट्रांनीही घातले. ऱ्होडेशियालाही समुद्र नाही. तेल यायचं मोझांबिकच्या बैरा बंदरातून. एप्रिल १९६६ मध्ये सुरक्षा परिषदेने ब्रिटनला बैराकडे जाणारी तेलाची जहाजं बळाने अडवायची परवानगी दिली. ब्रिटिश नौका तिथे १९७५ पर्यंत गस्त घालत होत्या.

पण मोझांबिक कुणाचं? पोर्तुगालचं, 'सागरपार प्रांत'. पोर्तुगाल निर्बंध पाळायला तयार नव्हता. बैरा अडवलं, तर तेल लोरेन्सो मार्क्स बंदरातून आणि दक्षिण आफ्रिकेतून यायला लागलं. १९७८ साली ब्रिटनमध्येच बिंगहॅम अहवाल आला आणि उघड झालं की ब्रिटिश तेल कंपन्यांच्या आफ्रिकेतल्या उपकंपन्यांमधूनच तेल पोचत होतं. म्हणजे एक भोक शेजाऱ्याच्या सागरपार प्रदेशात आणि दुसरं स्वतःच्याच कंपनीच्या परदेशातल्या शाखेत.

आजची पद्धत

या धड्यांवरून आजची यंत्रणा उभी आहे. ब्रिटनकडे आज १४ सागरपार प्रदेश आहेत: केमन बेटं, ब्रिटिश व्हर्जिन बेटं, बर्म्युडा, जिब्राल्टर, फॉकलंड वगैरे. लोकवस्ती थोडी, पण तिथे नोंदलेल्या कंपन्या प्रचंड. लंडनमध्ये एखाद्या धनाढ्याचं खातं गोठवलं आणि त्याची कंपनी व्हर्जिन बेटांवर मोकळी राहिली, तर त्या निर्बंधाला अर्थ काय?

म्हणून ब्रिटनने २०१८ च्या निर्बंध कायद्यात तरतूद ठेवली आहे. राजाज्ञेने तेच नियम सागरपार प्रदेशांना लागू करता येतात, तिथल्या परिस्थितीप्रमाणे शब्द बदलून. 'मंत्री' असेल तिथे 'गव्हर्नर', असं. बहुतेक प्रदेशांना हे थेट लागू होतं. बर्म्युडा आणि जिब्राल्टर मात्र आपापले कायदे करून तेच निर्बंध अमलात आणतात. जर्सी, गर्नसी, आइल ऑफ मॅन हे तर सागरपार प्रदेशही नव्हेत, राजमुकुटाच्या अखत्यारीतली वेगळी बेटं. तीही स्वतःचे कायदे करतात.

याचा परिणाम किती होतो बघा. रशियातल्या विमान कंपन्यांची शेकडो भाड्याची विमानं बर्म्युडात नोंदलेली होती. मार्च २०२२ मध्ये बर्म्युडाने त्यांची उड्डाणयोग्यतेची प्रमाणपत्रं तात्पुरती थांबवली. अटलांटिकमधल्या एका चिमुकल्या बेटावर कागद फिरला आणि मॉस्कोच्या विमानतळावर विमान कायद्याने जमिनीवर आलं.

अमेरिका तर आणखी पुढे जाते. तिचे काही निर्बंध तिऱ्हाईतालाही धरतात. 'तुम्ही इराणकडून तेल घेतलंत तर आमच्या बँका तुमच्यासाठी बंद.' मे २०१९ मध्ये अमेरिकेने दिलेली सवलत संपली आणि भारताने इराणचं तेल घेणं थांबवलं. १९५५ साली भारत जपानला जे सांगू शकला नाही, ते २०१९ साली अमेरिका भारताला सांगू शकली. बंदीची पोच ही अशी ताकदीवर ठरते.

म्हणून पुढच्या वेळी 'अमुक देशावर निर्बंध' अशी बातमी वाचाल तेव्हा तीन प्रश्न विचारा. एक, हे निर्बंध कुणाच्या भूमीवर लागू आहेत आणि कुणाच्या नाहीत? दोन, त्या देशाला 'मुरगाव' कुठे आहे, म्हणजे कुठलं दार उघडं आहे? आणि तीन, सीमेवर, जहाजावर, परदेशात कोण उभं आहे, जो या भांडणात नव्हता आणि तरी भरडला जाणार आहे?

एवढं बोलून थांबतो. आता प्रश्न घेऊ.

निवडक प्रश्नोत्तरं

*एक काका:* म्हणजे नाकेबंदी केलीच नसती आणि सैन्य आधीच पाठवलं असतं, तर बरं झालं असतं का?

काका, मागे वळून असं म्हणणं सोपं आहे. १९५४-५५ साली संयुक्त राष्ट्रांत पोर्तुगालचं सदस्यत्वही झालेलं नव्हतं, शीतयुद्ध जोरात होतं, काश्मीरचा प्रश्न तिथे होता. १९६० च्या डिसेंबरमध्ये संयुक्त राष्ट्रांनी वसाहतवाद संपवण्याचा ठराव केला आणि लगेच दुसऱ्या ठरावात गोव्यासकट पोर्तुगीज प्रदेश हे 'प्रांत' नसून परावलंबी प्रदेश आहेत असं सांगितलं. त्यानंतर भारताची बाजू भक्कम झाली. नाकेबंदीने गोवा मिळाला नाही, पण सात वर्षं प्रश्न जागता राहिला. फक्त पैसे पाठवण्यावरची आणि नातेवाइकांच्या ये-जावरची बंधनं सुरुवातीपासून सैल ठेवता आली असती, असं आम्हाला वाटतं. खलाशाच्या मनीऑर्डरीने सालाझारचं राज्य चालत नव्हतं.

*एक तरुण:* युरोपीय संघाचे निर्बंध त्यांच्या देशांच्या बेटांना आपोआप लागतात का?

नाही. इथेच मेख आहे. संघाचा नियम नेदरलँड्सला आपोआप लागतो, पण कॅरिबियनमधल्या अरुबा, कुरसाओला नाही. ती बेटं नेदरलँड्सच्या राज्यात आहेत, पण युरोपीय संघात नाहीत. तिथे वेगळी तरतूद करावी लागते. उलट अमेरिकेच्या पोर्टो रिको, ग्वामसारख्या प्रदेशांत अमेरिकेचे निर्बंध थेट लागतात.

*एक ताई:* माझा भाचा मर्चंट नेव्हीत आहे. 'ग्रेस १' वरच्या मुलांसारखं त्याचं होऊ नये म्हणून काय करावं?

ताई, हा प्रश्न आज सगळ्यात कामाचा. त्या जहाजाच्या बदल्यात इराणने पंधरवड्यात 'स्टेना इम्पेरो' हे ब्रिटिश झेंड्याचं जहाज पकडलं, त्यावरही १८ भारतीय होते. म्हणजे दोन्हीकडून आपलीच पोरं.

तीन गोष्टी सांगा त्याला. भरती करणाऱ्या एजंटकडे जहाजवाहतूक महासंचालनालयाचा परवाना आहे का, ते आधी बघायचं. महासंचालनालय मुंबईत आहे, परवानाधारकांची यादी तिथे मिळते. दुसरं, जहाजाच्या नावावर जायचं नाही. 'ग्रेस १' सुटल्यावर 'अॅड्रियन दर्या १' झालं. नाव आणि झेंडा बदलतो, पण जहाजाला दिलेला आयएमओ क्रमांक जन्मभर तोच राहतो. करारावर तो क्रमांक मागायचा आणि निर्बंधांच्या याद्यांत शोधायचा. अमेरिका, ब्रिटन, संयुक्त राष्ट्रं यांच्या याद्या उघड आहेत. आणि तिसरं, समुद्रात असताना जहाजाचा ठावठिकाणा सांगणारं यंत्र बंद करायला लावत असतील, तर तिथे काहीतरी काळंबेरं आहे असं समजायचं.

पगार चांगला देतात म्हणून मुलं चढतात हो अशा जहाजावर. तो पगार चांगला का आहे, एवढं आधी विचारायला सांगा त्याला.